जमैकाने बंड का केलं नाही?

गेल्या वर्षी माझा प्रोग्रेस सेमिनार होता. माझं काम पाण्याच्या लोखंडी पाइपांना लागणाऱ्या गंजावर आहे. भोक पडलेल्या पाइपांचे चाळीस तुकडे मी गोळा केले होते. बहुतेकांवर क्लोराइड भरपूर सापडलं आणि मी स्लाइडवर मोठ्या थाटात लिहिलं, ‘कारण : क्लोराइड’. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, “ज्या पाइपांना भोक पडलं नाही, त्यांच्यावर क्लोराइड किती होतं?” मी ते तपासलंच नव्हतं. आठ महिन्यांचं काम तिथेच अडकलं.

त्याच आठवड्यात माझ्या रूममेटने एक उत्तर वाचायला दिलं. ती पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. प्रश्न होता, अमेरिकेतल्या वसाहतींनी ब्रिटिश सत्तेविरुद्ध बंड का केलं? तिचं उत्तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं होतं. युद्धामुळे ब्रिटनवर कर्ज झालं, म्हणून कर लादले, म्हणून लोक उठले. मला ती माझीच स्लाइड वाटली. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, पण त्यानंतर काही महिने या विषयावर जे हाती लागलं ते वाचत गेले. तुम्ही कोणत्याही विषयात संशोधन करणार असाल तरी हे उदाहरण उपयोगी पडेल.

आधी कर्ज. ते खरंच होतं. सात वर्षांचं युद्ध १७६३ मध्ये संपलं तेव्हा ब्रिटनचं राष्ट्रीय कर्ज साधारण ७.५ कोटी पौंडांवरून १३ कोटींच्या आसपास गेलं होतं. शिवाय अमेरिकेत सुमारे दहा हजार सैनिक ठेवायचे होते. त्यांच्या खर्चाचा काही भाग तरी तिथल्या लोकांनी उचलावा, ही लंडनची अपेक्षा होती आणि ती फार अवाजवी म्हणता येत नाही. ब्रिटनमधला माणूस वसाहतीतल्या माणसापेक्षा कितीतरी पट जास्त कर भरत होता.

इथेच पहिली अडचण येते. कराच्या ओझ्याने बंड होत असतं तर ते लंडनमध्ये व्हायला हवं होतं. दुसरी अडचण आणखी मजेशीर आहे. १७६४ च्या साखर कायद्याने परदेशी मळीवरचा कर गॅलनमागे सहा पेन्सवरून तीन पेन्सवर आणला. मळी म्हणजे रम गाळण्याचा कच्चा माल, न्यू इंग्लंडच्या व्यापाराचा कणा. कर निम्मा झाला आणि ओरड वाढली! कारण सहा पेन्स कुणी भरतच नव्हतं. चोरटी आयात चालायची, अधिकाऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवलं की काम भागायचं. आता मात्र तीन पेन्स खरोखर वसूल होणार होते आणि पकडला गेलेला व्यापारी ज्युरी नसलेल्या नौदल न्यायालयापुढे उभा राहणार होता.

चहाचंही तेच. १७७३ च्या कायद्याने अमेरिकेत कंपनीचा चहा स्वस्त होणार होता. ही कंपनी म्हणजे आपलीच ईस्ट इंडिया कंपनी. ती कर्जात बुडाली होती, लंडनच्या गोदामांत चहा पडून होता आणि तो खपवायला सरकारने तिला ब्रिटनमधला कर माफ केला. अमेरिकेत पोचल्यावर लागणारा पौंडामागे तीन पेन्स कर मात्र ठेवला. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात सुमारे ३४० पेट्या पाण्यात गेल्या, त्या या स्वस्त चहाच्या. (उत्तरपत्रिकेत ‘भारतीय चहा’ लिहू नका. तो चीनचा होता, आसामचा चहा पुढच्या शतकातला.) चोरटा डच चहा विकणाऱ्यांचं नुकसान होणार होतं हे खरं, पण केवळ त्यांच्या पोटावर पाय आला म्हणून अख्खं शहर पेटलं, हे काही पटत नाही.

मग नेमकं काय खटकत होतं? माझ्या मते याची गुरुकिल्ली १७६७ च्या टाउनशेंड कायद्यांत आहे, आणि आपण त्यातली फक्त काच, कागद, रंग, शिसं, चहा ही यादी पाठ करतो. त्या पैशाचं काय करायचं होतं ते पाहा. त्यातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार द्यायचे होते. तोवर अनेक वसाहतींत गव्हर्नर राजाचा, पण त्याचा पगार स्थानिक प्रतिनिधी सभा मंजूर करायची. व्हर्जिनियात अशी सभा १६१९ पासून होती. गव्हर्नर डोईजड झाला की सभा पगाराला कात्री लावायची. लंडन दूर होतं, फारसं लक्ष घालत नव्हतं, आणि या सवयीला लोक आपला हक्क समजू लागले होते. पगार परस्पर आला तर गव्हर्नरच्या नाड्या सभेच्या हातातून सुटणार होत्या. मॅसॅच्युसेट्समध्ये १७७२ मध्ये ही वेळ प्रत्यक्ष आली, तेव्हा बोस्टनने गावोगावी पत्रव्यवहार समित्यांचं जाळं विणायला घेतलं.

संसद म्हणत होती की आम्ही साम्राज्यातल्या प्रत्येकाचं प्रतिनिधित्व करतो, मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही स्वतःचे खासदार नाहीतच की. १७६६ मध्ये स्टॅम्प कायदा मागे घेतानाच संसदेने दुसरा कायदा केला : वसाहतींसाठी कुठल्याही बाबतीत कायदे करण्याचा आम्हाला अधिकार आहे. पैसे सोडले, पण अधिकार सोडला नाही. वसाहतींनी नेमकं उलटं केलं असतं. पैसे त्यांनी आपल्या सभांमार्फत दिलेही असते, अधिकार मानला नसता.

१७७४ मध्ये चहाची शिक्षा म्हणून बोस्टन बंदर बंद केलं गेलं, हे सगळे लिहितात. त्याबरोबरचा मॅसॅच्युसेट्स शासन कायदा जास्त खोल गेला. वरिष्ठ मंडळ राजनियुक्त झालं आणि गव्हर्नरच्या परवानगीशिवाय वर्षातून एकापेक्षा जास्त गावसभा घ्यायला बंदी आली. चहाशी फारसं देणंघेणं नसलेला आतल्या भागातला शेतकरी आता हलला. त्या सप्टेंबरात वूस्टरला हजारो माणसं जमली आणि त्यांनी राजाचं न्यायालय भरूच दिलं नाही. लेक्सिंग्टनची पहिली गोळी सुटायला तेव्हा सात महिने बाकी होते.

आता परीक्षकांचा प्रश्न. भोक न पडलेले पाइप कुठे आहेत? अमेरिका खंड आणि कॅरिबियन बेटं मिळून ब्रिटनच्या सुमारे २६ वसाहती होत्या. उठल्या १३. स्टॅम्प कर जमैकालाही होता आणि जमैकाने तो भरला. तिथेही प्रतिनिधी सभा होती, तिलाही आपल्या हक्कांचा अभिमान होता. डिसेंबर १७७४ मध्ये तिने राजाकडे अर्ज करून अमेरिकनांची बाजूही मांडली. पण त्याच अर्जात सांगितलं की आम्ही दुबळे आहोत, गुलामांची संख्या प्रचंड आहे, आमच्याकडून प्रतिकाराची भीती नको. बेटावर एका गोऱ्यामागे दहा किंवा जास्त गुलाम होते. १७६० चा टॅकीचा उठाव विसरला गेला नव्हता. मळेवाल्यांना ब्रिटिश फौज हवीच होती. त्यांच्या साखरेला संरक्षित बाजार होता तोही ब्रिटनमध्ये, आणि त्यातले बडे लोक राहायचे इंग्लंडात, काही तर संसदेतच बसायचे.

इथवर आल्यावर मला वाटलं, सापडलं! गुलामांची भीती असेल तिथे बंड नाही. रूममेट म्हणाली, “अगं, मग साउथ कॅरोलायना?” तिथेही गुलामांची बहुसंख्या होती, आणि ती वसाहत उठली. व्हर्जिनियात तर भीतीने उलटं काम केलं. नोव्हेंबर १७७५ मध्ये गव्हर्नर डनमोरने जाहीर केलं की बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या बाजूने लढतील ते मुक्त होतील. कुंपणावर बसलेले कित्येक मळेवाले त्यानंतर राजापासून दूर गेले. म्हणजे एकच घटक जमैकात माणसाला राजाला बिलगायला लावतो आणि व्हर्जिनियात राजाशी तोडायला. स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्यांच्या बाबतीत हे वाचताना कसंसंच होतं, पण डेटा आवडीने निवडता येत नाही.

आमच्या भाषेत याला इंटरॅक्शन म्हणतात. घटकाचा परिणाम दुसऱ्या घटकावर ठरतो. साउथ कॅरोलायनाचे मळेवाले तिथेच राहत, तिथली सभा चालवत, आणि गुलामांचं प्रमाण जमैकाइतकं एकतर्फी नव्हतं. फौजेशिवाय आपण टिकू, असं त्यांना वाटू शकत होतं.

आणखी एक. बंड आणि स्वातंत्र्य यांची एकच तारीख धरू नका. लेक्सिंग्टनला गोळीबार झाला १९ एप्रिल १७७५ ला, तरी जुलैमध्ये काँग्रेस राजाला समेटाचा अर्ज पाठवत होती. ऑगस्टमध्ये राजाने त्यांना बंडखोर जाहीर केलं. जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेनची ‘कॉमन सेन्स’ आली आणि राजाशिवाय राहण्याची गोष्ट उघड बोलली जाऊ लागली. जुलै १७७६ च्या जाहीरनाम्यात तक्रारींची लांबलचक यादी आहे. संमतीविना कर ही त्यातली एकच, तीही यादीच्या मधे कुठेतरी. बऱ्याचशा तक्रारी सभा, न्यायाधीश आणि फौजेच्या आहेत.

तेरा वसाहतींच्या आतही न उठलेले बरेच होते. गोऱ्यांपैकी अंदाजे पाचवा हिस्सा राजाशी एकनिष्ठ राहिला असं मानतात. बेंजामिन फ्रँकलिन जाहीरनाम्याच्या मसुदा समितीत होते. त्यांचा मुलगा विल्यम न्यू जर्सीचा राजनियुक्त गव्हर्नर होता, तो राजाकडेच राहिला आणि १७७६ मध्ये कैदेत गेला. १७८५ मध्ये साउदॅम्प्टनला बापलेक भेटले. त्या भेटीतून निघालं ते मुख्यतः जमिनींचं आणि जुन्या देण्याघेण्याचं कागदपत्र.