न्यू लॅनार्कची गिरणी

समाजवाद हा शब्द निघाला की आपल्याकडील सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे प्रथम मार्क्स उभा राहतो आणि त्याच्या पाठोपाठ १९१७ सालची रशियातील क्रांती. परंतु या विचाराचा एक जुना उगम स्कॉटलंडात क्लाइड नदीच्या काठी, एका सुताच्या गिरणीत सापडतो. आणि तो उकरून काढणारा पुरुष मजूर नव्हे, गिरणीचा चालकच होता.

रॉबर्ट ओवेन याने १८०० साली न्यू लॅनार्कचा कारभार हाती घेतला तेव्हा तेथे सुमारे दोन हजार वस्ती होती. त्यांत अनाथगृहांतून आणलेली सुमारे पाचशे मुले. पाचसहा वर्षांची पोरे यंत्रांपाशी राबत. मनुष्याचा स्वभाव परिस्थिती घडविते, असे ओवेनचे मत. निर्जीव यंत्रास तेलपाणी करणाऱ्या मालकांनी सजीव यंत्राकडे का पाहू नये, असे तो त्यांस विचारी. त्याने दहा वर्षांखालील मुलांस कामावर घेणे बंद केले. १८१६ साली त्यांच्यासाठी शाळा उघडली. तीत गाणे, नृत्य व नकाशे आणिले, छडी मात्र ठेविली नाही. आणि गिरणी बुडाली नाही, नफ्यातच चालली! १८१९ साली नऊ वर्षांखालील मुलांस गिरणीत मनाई करणारा कायदा विलायतेत झाला, त्यामागे त्याची खटपट होती. (आमच्याकडील १८८१ सालच्या कायद्याने ही मर्यादा सातच वर्षांची ठेविली, हे येथे सांगितलेले बरे.)

तरीही एका गोष्टीने आमचे मन अडखळते. प्रत्येक मजुराजवळ चार रंगांचा एक लाकडी ठोकळा टांगलेला असे. आदल्या दिवशीचे वर्तन वाईट असल्यास काळी बाजू पुढे, उत्तम असल्यास पांढरी. शिक्षा नाही, शिवी नाही; पण ठोकळा फिरविणारा हात नेहमी वरचाच. मजुराचे कल्याण झाले, त्याचे मत मात्र कोणी विचारले नाही.

पुढे अमेरिकेत १८२५ साली न्यू हार्मनी येथे ओवेनने स्वतःच्या पैशाने समाईक वसाहत मांडली. जमीन होती, विद्वान होते. नांगर धरणारे हात व परस्परविश्वास अपुरा पडला, आणि दोनएक वर्षांत सारे विसकटले. टीकाकार येथेच थांबतात. आम्हांस ते पटत नाही. कारण १८४४ साली रॉचडेल येथे ओवेनच्या शिकवणुकीचा संस्कार झालेल्या विणकरांनी व इतर कामकऱ्यांनी वर्गणी काढून पीठ, लोणी व साखर यांचे दुकान मांडिले. नफा खरेदीच्या प्रमाणात वाटावयाचा आणि सभासद कितीही भागांचा धनी असो, मत एकच. तेथे ठोकळा कोणी टांगला नाही. हिशेबाची वही सर्वांस उघडी होती.