पंढरीचे महाद्वार : देव, सत्ता आणि समता

मंदिराचा जीर्णोद्धार म्हटला की चिरे, शिखर आणि कळस डोळ्यांपुढे येतात. परंतु आत कोणी यावयाचे व बाहेर कोणी थांबावयाचे, हाही देवळाच्या इतिहासाचा मोठा भाग असतो. हे ठरविणाऱ्याच्या हाती सत्ता असते. या दृष्टीने श्रीक्षेत्र पंढरपूरचा इतिहास प्रत्येक गावाने मनन करण्यासारखा आहे.

संत चोखामेळा मंगळवेढ्याचे. ते विठ्ठलाचे निस्सीम भक्त. परंतु जन्माने महार म्हणून त्यांना राउळात मज्जाव होता. शके १२६० म्हणजे इ. स. १३३८ मध्ये गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून त्यांचा अंत झाला. संत नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणून महाद्वारापाशी समाधी बांधली, अशी परंपरा आहे. वारकऱ्यांनी चोखोबांचे अभंग भजनात घेतले. पण त्यांच्या जातिबांधवांना पुढे सहाशे वर्षे त्या समाधीपासूनच परतावे लागले.

विसाव्या शतकात हा प्रश्न हक्काचा म्हणून पुढे आला. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली नाशिकास काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. १९३५ साली येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला. बंद दाराची किंमत समाजास तेव्हा कळली.

परक्यांकडे स्वातंत्र्य मागणाऱ्यांनी आपल्याच बांधवांस देवाच्या दारी अडवावे, हे साने गुरुजींस सहन झाले नाही. महाराष्ट्रभर दौरा करून त्यांनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. मंदिर सर्वांस खुले करण्याचे मान्य झाल्यावर ते सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिर प्रवेशाचा कायदा झाला. पुढे राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली.

दार उघडले, तरी पूजा व उत्पन्न यांवरील बडवे आणि उत्पात मंडळींचे वंशपरंपरागत हक्क राहिले होते. १९७३ च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने ते रद्द ठरविले. त्यावर दीर्घकाळ कज्जे चालले. अखेर जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शासनाच्या बाजूने निर्णय दिला. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागविले.

देव सर्वांचा आहे हे संतांनी सांगितले. ते व्यवहारात उतरावयास मात्र उपोषण, कायदा व न्यायालय लागले. जीर्णोद्धार करणाऱ्या प्रत्येक गावाने हे ध्यानी ठेवावे. दात्याच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब उघडा असावा आणि गावातील शेवटच्या घरच्या माणसासही संकोच न वाटता गाभाऱ्यापुढे उभे राहता यावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.