पडीक म्हणून नोंदलेला इतिहास

पनवेलजवळच्या कोन गावातून पळस्पे फाट्याला आलं की रस्ते फुटतात. एक पुण्याकडे घाट चढतो, दुसरा कर्नाळ्याच्या सुळक्याखालून गोव्याकडे निघतो. कोनमध्ये गिरणी कामगारांना म्हाडामार्फत मिळालेल्या घरांच्या इमारती आहेत. मुंबईच्या गिरण्यांत राबलेली कितीतरी माणसं मुळात कोकणातली, त्यामुळे गणपतीला किंवा शिमग्याला या दुसऱ्या रस्त्याला लागणं अनेक घरांत ठरलेलंच असतं. याच रस्त्यावर साधारण साडेतीनशे किलोमीटर गेल्यावर राजापूर येतं.

राजापूरचा आपल्याला माहीत असलेला इतिहास कागदावरचा आहे. अर्जुना नदीच्या खाडीवरचं हे जुनं बंदर. घाटमाथ्यावरचा माल अणुस्कुरा घाटाने उतरून इथे यायचा. इंग्रजांनी १६४९ मध्ये इथे वखार घातली. पुढे पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली, तेव्हा शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूर लुटून वखारीतल्या इंग्रजांना कैद केलं. हे सगळं पत्रांत, बखरींत, वखारीच्या दफ्तरांत नोंदलेलं आहे. त्याची एक प्रत हरवली तरी दुसरी कुठेतरी सापडते.

गावाच्या वर सड्यावर मात्र दुसरा, याहून कितीतरी जुना इतिहास आहे. त्याची प्रत नाही.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. पूर्वेला सह्याद्रीची सदाहरित जंगलं, पश्चिमेला समुद्र आणि मध्ये मैलोन् मैल पसरलेला हा कातळ. मे महिन्यात तो भाजून निघाल्यासारखा दिसतो. झाड नाही, सावली नाही. म्हणूनच सरकारी कागदांत अशा जमिनीला पडीक, पोटखराब असे शब्द चिकटले. पण इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पहिल्या सरींनंतर दिपकाडीची पांढरी फुलं येतात, मग सीतेची आसवं, गेंद, आणि किडे पकडून खाणारं दवबिंदू. यातल्या काही वनस्पती कोकणाबाहेर कुठे आढळत नाहीत. सड्यावर मुरलेलं पाणी खालच्या वाड्यांच्या विहिरींना, झऱ्यांना मिळतं. कोकणातलं हिरवं जंगल पाहायला आलेला माणूस या काळ्या कातळाकडे पाठ फिरवतो, पण तोही निसर्गच आहे.

या कातळावर माणसांनी चित्रं कोरली आहेत. कातळशिल्प हा शब्द आता रुळला. हायवेलगत निवळी फाट्याजवळचं एक शिल्प अभ्यासकांना आधीपासून माहीत होतं. साधारण २०१२ पासून रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्राध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई सडे पायी तुडवू लागले. गावकऱ्यांना, गुराख्यांना, शाळेतल्या मुलांना विचारत ते पुढे गेले. गावांना यातली काही चित्रं ठाऊकच होती. बाहेरच्या कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. पुढे राज्याच्या पुरातत्त्व विभागानेही यात लक्ष घातलं. आज रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात मिळून हजाराहून जास्त आकृती नोंदल्या गेल्या आहेत.

कशेळीच्या सड्यावर एक हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. त्याच्या पोटात इतर प्राणी, मासे, पक्षी कोरलेले आहेत. एवढं मोठं चित्र कोरणाऱ्याला ते जमिनीवरून कधी पूर्ण दिसलंही नसेल. देवाचे गोठणे इथे एक मानवाकृती आहे. तिच्यावर होकायंत्र ठेवलं तर सुई दिशा चुकते. बारसूला एक माणूस दोन वाघांच्या मधोमध उभा आहे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही असा माणूस दिसतो. साम्य मोहात पाडणारं आहे, पण तेवढ्यावरून नातं सिद्ध होत नाही.

वय सांगणं अवघड आहे. कोरलेल्या खाचेत कोळसा किंवा हाड नसतं, त्यामुळे कार्बनची चाचणी थेट करता येत नाही. अभ्यासक चित्रांच्या विषयांवरून अंदाज बांधतात. इथे प्राणी आहेत, शिकार आहे, शेती मात्र दिसत नाही. म्हणून ही शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणाऱ्यांची कला असावी आणि तिची सुरुवात दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची असावी, असं मानतात. काही ठिकाणी गेंडा ओळखता येतो. आज कोकणात गेंडा नाही. ज्याने तो कोरला, त्याने तो पाहिला असेल, तर आपल्या आजोळच्या डोंगरांबद्दलची कल्पनाच बदलावी लागते.

२०२२ मध्ये कोकणातली आठ आणि गोव्यातलं कुशावती नदीकाठचं एक अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यात बारसू आहे. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं आणि गावकरी, त्यात मोठ्या संख्येने बायका, उन्हात कातळावर आडव्या झाल्या. प्रकल्प हवा की नको यावर कोकणात खरे मतभेद आहेत. नोकरीसाठी मुंबई-पनवेल गाठावं लागणाऱ्या घरांत तर ते जास्तच आहेत. पण जागा निवडताना ‘ही जमीन रिकामीच आहे’ हे वाक्य इतक्या सहज येतं, ते त्या जुन्या नोंदीमुळे.

धोका फक्त मोठ्या प्रकल्पाचा नाही. चिरेखाण सड्याचे थरच्या थर कापून नेते. हापूसची कलमं लावायला कातळ सुरुंगाने फोडून खड्डे करतात. रस्ते होतात, प्लॉट पडतात. बरीच शिल्पं खाजगी जमिनीत आहेत आणि त्या शेतकऱ्याला वारसा जपायला सांगणं म्हणजे त्याचं उत्पन्न थांबवणं. त्याच्या हातात काही पडलं पाहिजे. उक्षीसारख्या गावाने आपलं शिल्प राखण्यात पुढाकार घेतला, म्हणजे हे जमू शकतं. पण प्रत्येक गावाने ते फुकट करावं, ही अपेक्षा योग्य नाही.

तुम्ही जाणार असाल तर पाऊस सरल्यावर, गवत वाळल्यावर जा. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर बघा. तिरप्या उजेडात खाचा उठून दिसतात. चपला काढून ठेवा. फोटो नीट यावा म्हणून रेघांत खडू किंवा चुना भरू नका. गावातला माणूस सोबत घ्या, त्याला पैसे द्या, आणि तो त्या जागेला काय म्हणतो ते विचारा. सातबाऱ्यावर ती जागा पोटखराब असेल. त्याच्या तोंडी मात्र तिला बहुतेक वेळा नाव असतं.