तो अजून उभा आहे

शनिवार, २४ मार्च १९६२ ची रात्र. तुम्ही न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आहात, रिंगला अगदी लागून. सिगारचा धूर वरच्या दिव्यांपर्यंत पोचलाय. एबीसीचे कॅमेरे सुरू आहेत, म्हणजे तुम्हाला दिसेल ते त्याच क्षणी अमेरिकेतल्या घराघरांत दिसणार आहे. नॉर्मन मेलर हा लेखकही इथेच, रिंगजवळच्या खुर्च्यांत बसलाय.

रिंगमध्ये बेनी पारेट आहे. क्यूबात ऊसतोडणी करून वर आलेला, वेल्टरवेटचा जगज्जेता, वय २५. समोर एमिल ग्रिफिथ, व्हर्जिन बेटांवरून आलेला, एके काळी हॅटच्या कारखान्यात काम केलेला. वर्षभरात दोघांची ही तिसरी गाठ; पहिली ग्रिफिथनं जिंकली, दुसरी पारेटनं. वजन करताना पारेटनं ग्रिफिथच्या पुरुषत्वावरून चारचौघांत शिवी हासडली आहे. आज ग्रिफिथ निव्वळ किताबासाठी उतरलेला नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पण तुम्ही या दोघांकडे बघू नका. तिसऱ्याकडे बघा. रेफरी रुबी गोल्डस्टीन. नवखा नाही, स्वतः नावाजलेला बॉक्सर होता. १९५२ साली यांकी स्टेडियमवरच्या भयंकर उकाड्यात रॉबिन्सन आणि मॅक्सिम हे बॉक्सर लढत असताना दोघांच्या आधी हाच गळाला आणि बदली रेफरी आणावा लागला. १९५९ साली योहान्सननं पॅटरसनला एका फेरीत सात वेळा पाडलं, तेव्हाही रिंगमध्ये हाच होता. सातव्यांदा पडल्यावर त्यानं लढत थांबवली. थांबण्याची, वाट बघण्याची त्याला सवय आहे.

तुम्हाला आणखी एक गोष्ट माहीत आहे, आणि ती गार्डनमधले बहुतेकजण विसरलेले आहेत. जेमतेम साडेतीन महिन्यांपूर्वी पारेट आपल्यापेक्षा वरच्या वजनगटात जीन फुलमरशी लढला होता. दहाव्या फेरीत नॉकआउट झाला होता. त्या माराचा हिशेब आजच्या गुणपत्रिकेवर कुठेच नाही.

सहावी फेरी. पारेटच्या ठोशानं ग्रिफिथ खाली. घंटा वाजते म्हणून तो वाचतो. आता तुमच्या शेजारचा माणूस खूश आहे, त्याला वाटतं पारेट आज जिंकणार. पुढच्या फेऱ्या पटापट सरतात.

बारावी. ग्रिफिथचा उजवा हात बसतो आणि पारेट मागे कोपऱ्यात रेलतो. मग ठोसे सुरू होतात. उजवा, उजवा, पुन्हा उजवा. किती होते यावर मोजणाऱ्यांचं आजही एकमत नाही. तुम्ही मोजू नका, पारेटचे हात बघा. ते आता चेहऱ्यापुढे नाहीत. डोकं दोरांच्या बाहेर झुकलंय. तो पडत नाही, कारण कोपऱ्यानं आणि दोरांनी त्याला धरून ठेवलंय. आता, अगदी आता कुणीतरी मध्ये पडायला हवं. तुम्ही खुर्चीवरून उठलेले आहात. गोल्डस्टीन अजून एका हाताच्या अंतरावर आहे.

मग तो ग्रिफिथला मागून मिठी मारून ओढतो. बाराव्या फेरीची २ मिनिटं ९ सेकंद झालेली आहेत. ग्रिफिथ बाजूला झाल्यावर पारेट सावकाश खाली घसरतो. तो पुन्हा शुद्धीवर आला नाही. ३ एप्रिलला गेला.

आपल्याकडच्या आखाड्यात पाठ मातीला लागली की निकाल लागतो. बघणाऱ्या पोरालाही तो कळतो. बॉक्सिंगमध्ये असं नाही. इथे खाली पडणाऱ्याला दहा आकड्यांची सवलत मिळते. त्या वेळात रेफरी जवळ येतो, डोळ्यांत बघतो, समोरच्याला लांब पाठवतो. न पडणाऱ्याला यातलं काहीही मिळत नाही. पारेट गुडघ्यावर आला असता तर गोल्डस्टीन मध्ये आलाच असता. तो उभा राहिला, हाच त्याचा घात. चौकशी झाली, गोल्डस्टीनला दोषमुक्त ठरवलं गेलं. आणि खरं सांगायचं तर तो निर्दय नव्हता. ‘माणूस पायावर आहे तोवर त्याला संधी द्यायची’ या जुन्या समजुतीनं चालणारा होता. तो त्यानंतर फार लढतींत दिसला नाही.

आता वीस वर्षं पुढे या. १३ नोव्हेंबर १९८२, लास व्हेगास, सीझर्स पॅलेसच्या आवारातलं उघड्यावरचं रिंग. इथे फार थांबू नका. रे मॅन्सिनीसमोर कोरियाचा किम डुक-कू तेरा फेऱ्या झुंजलाय. चौदाव्या फेरीच्या सुरुवातीलाच तो पडतो, दोर धरून उठतो, आणि रेफरी रिचर्ड ग्रीन लगेच लढत थांबवतो. नियमानं त्यात चूक काढायला जागा नाही. पण मेंदूतला रक्तस्राव नियम बघून सुरू होत नाही. आठवड्याच्या आत किम गेला. त्यानंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलनं किताबाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या केल्या, आणि पुढे इतर संघटनाही त्याच वाटेनं गेल्या. ही बारावी फेरी लक्षात ठेवा, आता लागणार आहे.

१७ मार्च १९९०. पुन्हा लास व्हेगास, या वेळी हिल्टन. आता तुम्हाला खुर्ची नाही. तुम्ही दोरांच्या आत आहात, गळ्याला बो टाय, तुम्ही रेफरी आहात, आणि तुमचं नाव रिचर्ड स्टील. हॅगलर आणि हर्न्स या बॉक्सरांची वादळी लढत तुम्हीच सांभाळली होती.

समोर मेल्ड्रिक टेलर. फिलाडेल्फियाचा, लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकचा सुवर्णपदकविजेता, हात असे वेगवान की ठोसा निघाला कधी हे कळत नाही. विरुद्ध कुलियाकानचा हुलिओ सेझर चावेझ, जो आजवर कुणाकडूनही हरलेला नाही. दोघांचे किताब पणाला लागलेत. टेलर फेरीमागून फेरी पुढे चाललाय, पण तुम्ही त्याच्या तोंडाजवळ आहात, म्हणून तुम्हाला दिसतं ते प्रेक्षकांना दिसत नाही. ओठ फाटलेत. चेहरा सुजलाय. रक्त बाहेर येतंय त्याहून जास्त तो गिळतोय. टेलर दहा ठोसे मारतो, चावेझ एक मारतो, आणि त्या एकाचा आवाज वेगळा येतो.

गुणपत्रिका तुम्हाला माहीत नसतात, नसायलाच हव्यात. दोन पंचांकडे टेलर भरपूर पुढे आहे, तिसऱ्याकडे चावेझ एका गुणानं. टेलरच्या कोपऱ्यातल्या माणसांनी मात्र त्याला सांगितलंय की शेवटची, म्हणजे बारावी फेरी जिंकायलाच हवी. म्हणून जो नुसता रिंगभर फिरला असता तरी जिंकला असता, तो लढायला उभा राहतो.

शेवटचे काही क्षण. चावेझचा उजवा हात. टेलर कोपऱ्यात कोसळतो. तुम्ही मोजायला लागता. सहाला तो दोर धरून उठतो. आठपर्यंत येता. कोपऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकतोय, म्हणजे दहा सेकंदांहून कमी उरलेत. तुम्ही त्याच्याकडे बघत नाही. तुम्ही टेलरच्या डोळ्यांत बघता आणि विचारता, ठीक आहेस ना? उत्तर नाही. पुन्हा विचारता. त्याची नजर तुमच्यावर नाही. त्याचा प्रशिक्षक लू डुवा रिंगच्या कडेवर चढलाय, टेलर तिकडे बघतोय. उत्तर नाही.

तुम्ही दोन्ही हात हलवता. लढत संपली. २ मिनिटं ५८ सेकंद.

बाकी राहिले होते दोन सेकंद. पुढची कित्येक वर्षं तुमचं नाव पुकारलं की प्रेक्षक हुर्यो करणार आहेत. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही, हेही मान्य करू. दोन सेकंदांत चावेझ रिंगच्या त्या टोकाहून येऊन ठोसा मारू शकला असता का? बहुधा नाही. टेलर जिंकला असता आणि ते त्याच्या कष्टाचं फळ असतं.

तरीही स्टील बरोबर होता. रेफरीला एकच प्रश्न सोडवायचा असतो: हा माणूस आता स्वतःला वाचवू शकतो का? किती वेळ उरलाय हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो दुसऱ्या कुणाचा आहे. गुण कुणाचे हा तिसरा. जो माणूस दोनदा विचारूनही स्वतःची खबर देत नाही, त्याला दोन सेकंदांसाठी सुद्धा लढवत ठेवायचं नसतं. ‘दोन सेकंदच तर आहेत’ हे मान्य केलं की उद्या कुणी म्हणेल दहाच, परवा कुणी म्हणेल एकच फेरी. टेलरला त्या रात्री रुग्णालयात न्यावं लागलं; डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं. दहा महिन्यांनी तो पुन्हा किताबासाठी उतरला आणि वेल्टरवेटचा जगज्जेता झाला. वेल्टरवेट, पारेटचाच वजनगट. पुढे मात्र त्याची जीभ जड झाली. त्या रात्रीचा मार आणि नंतरच्या लढतींचा मार त्यात वेगळा काढता येत नाही.

ही लढत चित्रफितीवर सहज सापडते. बघाल तेव्हा शेवटच्या क्षणी घड्याळाकडे बघू नका. स्टीलनं दुसऱ्यांदा प्रश्न विचारला की फक्त टेलरच्या चेहऱ्याकडे बघा, आणि मग सांगा, तुम्ही त्याला लढू दिलं असतं का.