अजानवृक्षाची मुळी आणि विसाव्याचा वड

आळंदीला माउलींच्या समाधीजवळ अजानवृक्ष आहे. त्याच्या सावलीत माळकरी आजही ज्ञानेश्वरी वाचतात. परंपरा सांगते, त्याची मुळी माउलींच्या कंठाला लागली. स्वप्नात दृष्टांत झाला, म्हणून नाथमहाराज पैठणहून आले. त्यांनी मुळी सोडवली, झाड राखलं. शके १५०६ मध्ये त्यांनीच ज्ञानेश्वरी शुद्ध केली. पाठात शिरलेलं काढलं, ग्रंथ राखला.

पालखीचा रस्ता रुंद झाला, तेव्हा आमच्या दिंडीच्या विसाव्याचा वड गेला. त्याखाली आम्ही मृदंग उतरवून ठेवायचो, भाकरी सोडायचो. रस्ता हवाच होता; पण झाड राखायची नाथांची रीत आम्ही विसरलो, कुणी शब्दही काढला नाही. या शताब्दीला तिथंच कडेला वड लावलाय. त्याला पाणी घालणं हीसुद्धा आमची वारीच. रामकृष्णहरी!