रणांगणावरून पत्नीस पत्र

नांदेडच्या उत्तरेस हिंगोली आणि लातूरच्या उत्तरेस अंबाजोगाई, म्हणजे निजामी अमदानीतील मोमिनाबाद. या दोन्ही गावी एकेकाळी लष्करी छावण्या होत्या, हे आज तेथून जाणाऱ्या प्रवाशाच्या ध्यानातही येत नाही. 'हैदराबाद कंटिंजंट' नावाच्या फौजेच्या तुकड्या तेथे असत. खर्च निजामाचा आणि अंमलदार मात्र इंग्रज, अशी ही फौज. १८५८ साली सर ह्यू रोज यांच्या हाताखाली ती झाशी, काल्पी व ग्वाल्हेरच्या मोहिमेत लढली. त्या वेळी समोर शत्रू म्हणून उभे होते ते याच देशाचे शिपाई. पुढे १९०३ साली ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली आणि तिच्या घोडदळातून विसावी डेक्कन हॉर्स, एकोणतिसावी लान्सर्स व तिसावी लान्सर्स हे रिसाले उभे राहिले. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटताच हे तिन्ही रिसाले फ्रान्सला रवाना झाले.

दख्खनचा स्वार साता समुद्रांपलीकडच्या चिखलात आणि हिमात जाऊन पोहोचला. घराशी त्याचा एकच धागा उरला, तो म्हणजे पत्र. १९१५ च्या मार्च महिन्यात फ्रान्समधील हिंदी सैनिक आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे लिहीत होते. मात्र हे प्रत्येक पत्र सरळ घरी जात नसे. एव्हलिन हॉवेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली टपाल तपासण्याचे एक कार्यालय उघडण्यात आले होते. तेथे निवडक पत्रे उघडली जात, वाचली जात आणि त्यांतील उतारे इंग्रजीत भाषांतरित होत.

वाचकहो, अशा स्थितीत पतीने पत्नीला काय लिहावे? १९११ च्या जनगणनेनुसार हिंदुस्थानात हजार स्त्रियांमागे जेमतेम दहा साक्षर होत्या. पुष्कळ स्वारही निरक्षरच होते. पत्र एकाने सांगायचे, दुसऱ्याने लिहायचे, तिसऱ्याने वाटेत उघडायचे आणि गावी चौथ्याने मोठ्याने वाचून दाखवायचे. सासूसासरे, दीर, शेजारी सारे भोवती बसलेले आणि जिच्यासाठी ते शब्द निघाले, ती दाराआड उभी. म्हणूनच पत्नीच्या नावे गेलेली पत्रे मोजकी आहेत. बहुतेक पत्रे वडिलांना, भावाला वा मित्राला आहेत. चार लोकांत पत्नीचे नाव न घेण्याची आपल्याकडील जुनी रीत पत्रातही पाळली गेली.

सैनिकांनीही हुशारी केली. गोऱ्या सैनिकांसाठी लाल मिरची व हिंदी सैनिकांसाठी काळी मिरी असे सांकेतिक शब्द योजून ते घरच्यांना युद्धाची खबर देत. काही जण कविता लिहू लागले, तेव्हा हॉवेल यांना ते मन अस्वस्थ झाल्याचे लक्षण वाटले. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत डेक्कन हॉर्सच्या स्वारांनी भाले घेऊन हाय वूड या रानाजवळ यंत्रबंदुकांच्या दिशेने घोडे घातले. त्यांतून वाचलेल्या माणसाला घरी कळवण्यासारखे पुष्कळ असणार. पण ज्या पत्राला इतके डोळे आणि इतके कान, त्यात 'मी सुखरूप आहे, काळजी नसावी' याहून अधिक मजकूर कसा मावावा?

या अबोल्यातूनच एक अनपेक्षित गोष्ट उपजली. फ्रान्समधील शेतकरी कुटुंबांत राहताना तेथील बायका स्वतः हिशेब ठेवतात, पत्रे लिहितात, रणांगणावरील मुलाचे पत्र स्वतः वाचतात, हे या सैनिकांनी पाहिले. त्यानंतर कित्येकांनी घरी निक्षून कळवले की मुलींना शाळेत घाला. हे सांगणारे कोणी सुधारक नव्हते, साधे शेतकऱ्यांचे मुलगे होते. स्त्रीशिक्षणाचे महत्त्व सांगताना आपण देशाची प्रगती, घराची भरभराट असली कारणे देतो. या स्वारांना कळलेले कारण अधिक जिव्हाळ्याचे होते. पत्नीला अक्षर येत नसेल, तर पतीपत्नींत एकांतही उरत नाही.

१९१८ च्या आरंभी बहुतेक हिंदी घोडदळ फ्रान्स सोडून पूर्वेकडे पॅलेस्टाइनच्या आघाडीवर गेले. जे परतले नाहीत आणि ज्यांची कबरही सापडली नाही, अशा चार हजार सातशेहून अधिक हिंदी सैनिकांची व सेवकांची नावे फ्रान्समधील नव्ह शापेल येथील स्मारकावर कोरलेली आहेत. त्यांची मूळ पत्रे आपापल्या गावी गेली, बहुतेक कोठे तरी विरून गेली. राहिले ते तपासनिसाने काढलेले इंग्रजी उतारे. ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेले आहेत. ज्या परक्या नजरेच्या धाकाने स्वाराने मनातले शब्द गिळले, तिनेच त्याचे उरलेसुरले शब्द आपल्यापर्यंत पोहोचवले. गिळलेले शब्द मात्र कोणत्याच दप्तरात नाहीत. ते दाराआड उभ्या राहिलेल्या त्या माउलीने वाचणाऱ्याच्या आवाजातून जेवढे ओळखले असतील, तेवढेच.