एक दिवस चुकला, दोन दिवस कापले: ‘खाडा’ या शब्दाचा इतिहास

दिवाळी सरली की सांगोला, पंढरपूर, माळशिरस या बाजूच्या उसाच्या फडांत बीडकडील टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली रक्कम म्हणजे ‘उचल’. आणि काम चुकलेला दिवस म्हणजे ‘खाडा’. हा शेवटचा शब्द मुंबईच्या गिरणी कामगारांच्याही तोंडी होता.

तिथे ‘डबल खाडा’ चाले. एक दिवस गैरहजर राहणाऱ्याची दोन दिवसांची मजुरी कापली जाई. कापडात दोष निघाला, तर ते विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती होई.

विश्रांतीचेही तेच. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला सभा घेतली. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत. सुमारे साडेपाच हजार कामगारांनी निवेदनावर सह्या केल्या. तरी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य करायला १० जून १८९० उजाडला. दुपारचा अर्धा तास १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने आला. अर्ध्या तासासाठी सात वर्षे!

डबल खाड्याला आणखी वाट पाहावी लागली. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने ठरवले, की जितका वेळ गैरहजेरी, तितक्याच प्रमाणात कपात. दंड रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा अधिक नको. मात्र याच कायद्यात एक पळवाटही होती. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, सूचना न देता कामावर आले नाहीत, तर आठ दिवसांपर्यंतचे वेतन कापण्याची मुभा मालकाला मिळू शके. रोख संपाकडे होता, हे उघड आहे.

हा कायदा प्रथम कारखाने आणि रेल्वे यांना लागू झाला. उसाच्या फडातला व्यवहार मुकादमाच्या वहीत होतो. मजुरी टनावर ठरते, ती उचलीतून फिटत जाते आणि साखर कारखाना मजुराला आपला कामगार मानत नाही. त्यामुळे गिरणीत बंद झालेला हिशेब इथे चालूच राहिला. अलीकडच्या काळात एका खाड्याला पाचशे रुपये दंड लावला जात असल्याचे मजूर सांगतात. आजारपण असो की पाळीचे दिवस, विसावा घेतला की खाडा पडतो.

२०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीसमोर बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते.